शांघायमध्ये पहिले तीन महिने: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी शांघायला येणाऱ्या बहुतेकांना भाषेची धास्ती असते. भाषेचं कसंबसं निभावतं. फोनमधलं भाषांतर असतं, आणि समोरचा माणूसही बहुधा धीराने घेतो. अडतं ते क्रमात. इथे एक काम झाल्याशिवाय दुसरं होत नाही. पत्त्याची पोलीस नोंदणी नसेल तर रेसिडन्स परमिट नाही. परमिट नसेल तर बँक खातं मिळणं कठीण. आणि स्वतःच्या नावावर फोन नंबर नसेल तर यातलं जवळजवळ काहीच पुढे सरकत नाही. नव्याने आलेल्या मंडळींना मी हेच परत परत सांगत असते, म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

हे मुख्यतः झेड व्हिसावर नोकरीला येणाऱ्यांसाठी आहे. एक्स-१ व्हिसावर शिकायला येणाऱ्यांना यातलं बरंचसं तसंच लागू पडतं. ईवू, ग्वांगझौ, शेनझेनला जाणार असाल तरी कायदा तोच आहे, फक्त कचेऱ्यांचे पत्ते आणि खिडक्या वेगळ्या.

१. निघण्यापूर्वी: कागदपत्रं भारतातच पूर्ण करा

सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम हेच, आणि इथे आल्यावर ते करता येत नाही. पदवीचं प्रमाणपत्र आधी राज्य शासनाकडून (लोक याला अजून एचआरडी अटेस्टेशनच म्हणतात), मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी चिनी वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावं लागतं. एक सापळा नीट लक्षात घ्या. चीन नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टिलच्या (म्हणजे वकिलातीच्या शिक्क्याऐवजी चालणाऱ्या एकाच प्रमाणपत्राच्या) आंतरराष्ट्रीय करारात आहे आणि भारत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, पण हा करार भारत आणि चीन यांच्यात आपापसात लागू नाही. त्यामुळे ‘अपोस्टिल करून देतो, काम झालं’ असं सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. वकिलातीचा शिक्का लागतोच.

बरोबर घ्यायची कागदपत्रं:

- पासपोर्ट, आणि जुना पासपोर्ट असेल तर तोही
- वर्क परमिटचं नोटिफिकेशन पत्र (हे कंपनी पाठवते, त्यावरच झेड व्हिसा मिळतो)
- साक्षांकित पदवी, अनुभवाची पत्रं, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट
- कुटुंब येणार असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले, तेही साक्षांकित
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे ३३ × ४८ मिलिमीटरचे फोटो, भरपूर (आपल्याकडच्या नेहमीच्या पासपोर्ट साइजपेक्षा हे माप वेगळं आहे)
- पॅन कार्ड. इथली बँक खातं उघडताना तुमच्या देशातला कर क्रमांक विचारते, तिथे पॅन लागतो
- नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी, औषधाच्या मूळ घटकाच्या नावासकट

जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून इंग्रजी मजकूर असलेली प्रत आधी काढा. या सगळ्याचे स्कॅन फोनमध्येच साठवून ठेवा. गूगल ड्राइव्हवर ठेवलेलं इथे उघडणार नाही.

सामानात मसाले, पापड, डाळी, लोणचं नेताना सीलबंद पाकिटं घ्या. ताजी फळं-भाज्या, मांस, बियाणं आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईने कढवून दिलेलं तूपही त्यात अडकू शकतं, ते घरीच ठेवा.

२. नावाचं एकच रूप ठरवा

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण मराठी माणसाला इथे सर्वांत जास्त त्रास याचाच होतो.

आपलं नाव तीन शब्दांचं असतं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टात पहिले दोन ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात जातात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. चिनी माणसाचं नाव दोन-तीन अक्षरांत संपतं आणि त्यात आडनाव आधी येतं. साहजिकच खिडकीमागची व्यक्ती तुमचं नाव कधी आडनावापासून सुरू करून टाइप करते, कधी उलट्या क्रमाने, कधी मधलं नाव गाळून, तर कधी तिन्ही शब्द जोडून. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. महिन्याभराने वीचॅटला (निरोपांचं आणि पैसे देण्याचं इथलं ॲप) बँकेचं कार्ड जोडायला जाता आणि ‘नाव जुळत नाही’ असा संदेश येतो. सिम एका रूपात आणि बँक खातं दुसऱ्या रूपात असेल तर दोन्ही कागद खरे असूनही संगणक त्यांना दोन वेगळी माणसं समजतो.

उपाय साधा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो. व्हिसावर नाव ज्या क्रमाने छापलं आहे तोच क्रम, सगळी मोठी अक्षरं, शब्दांमध्ये एकेक मोकळी जागा. हे रूप एका कागदावर छापून पासपोर्टात ठेवा आणि प्रत्येक खिडकीवर पासपोर्टाबरोबर तोही पुढे करा. सही करण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून दाखवायला सांगा. कोणी रागावत नाही. रकाना अपुरा पडून नाव कापलं जात असेल तर कुठे कापलं गेलं त्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या ठिकाणी नाव तसंच कापून लिहावं लागेल.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी एक गोष्ट आधीच तपासावी. विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पासपोर्टावर सासरचं, आणि नवऱ्याच्या पासपोर्टात जोडीदाराचं नाव तिसऱ्याच प्रकारे, असं आपल्याकडे सर्रास असतं. अवलंबितांचा एस-१ व्हिसा आणि नंतरचा परमिट यांसाठी हे नातं कागदावर सलग दिसावं लागतं. फरक असेल तर राजपत्रातली नोंद किंवा पासपोर्टातली दुरुस्ती भारतात असतानाच करून घ्या. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तोही आधी भरून घ्या.

३. उतरल्यावर: सिम, इंटरनेट, पैसे

गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब इथल्या इंटरनेटवर चालत नाहीत. भारतातल्या सिमवर रोमिंगचा डेटा चालू असेल तर चालतात, कारण तो डेटा भारतातल्या कंपनीमार्फत फिरून येतो. म्हणून पहिल्या आठवड्यापुरता रोमिंग पॅक घेऊनच निघा. पुढेही ते सिम बंद करू नका. भारतातल्या बँकेचे ओटीपी त्यावरच येणार आहेत, निदान एसएमएस येतील इतपत ते जिवंत ठेवा.

वीचॅट भारतात जून २०२० मध्ये बंदी आलेल्या ५९ ॲपपैकी एक आहे, त्यामुळे ते इथे पोचल्यावरच घ्यावं लागतं. अँड्रॉइडवर ते त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळतं. नवं खातं उघडताना जुन्या वापरकर्त्याने तुमचा कोड स्कॅन करून दुजोरा द्यावा लागतो, तेव्हा ऑफिसमधल्या सहकाऱ्याला शेजारी बसवूनच हे करा. घरच्यांशी बोलायला वीचॅट उपयोगाचं नाही, त्यांच्याकडे ते असणारच नाही. दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइम चालतं. आई-वडिलांना हे निघण्यापूर्वी दाखवून ठेवा. फोन उचलला जात नाही म्हणून तिकडे जीव टांगणीला लागतो. घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे, हेही त्यांना सांगा.

सिमसाठी चायना मोबाइल, चायना युनिकॉम किंवा चायना टेलिकॉम यांच्या मोठ्या दुकानात पासपोर्ट घेऊन जा. सिम स्वतःच्याच नावावर घ्या. मित्राच्या नावावरचं सिम तात्पुरतं सोयीचं वाटतं, पण बँक, अलीपे, रेल्वेचं ॲप यांपैकी कोणीच ते तुमचं म्हणून धरत नाही.

पैसे देण्याचे दोन रस्ते आहेत, अलीपे आणि वीचॅट पे. दोन्हींना भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, फक्त बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करा. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यावर गेलात की ३ टक्के लागतात. घरभाडं असं भरत बसलात तर चांगलाच फटका बसेल. दुकानात कधी तुम्ही त्यांचा कोड स्कॅन करता, कधी तुमचा कोड ते स्कॅन करतात. स्वतःच्या पैसे देण्याच्या कोडचा स्क्रीनशॉट कोणालाही पाठवू नका. त्यातून थेट पैसे जातात.

थोडी रोख जवळ असू द्या. नियमाप्रमाणे दुकानदाराला रोख नाकारता येत नाही, पण सुटे नसतात ही अडचण खरीच आहे.

४. चोवीस तासांच्या आत पोलीस नोंदणी

हॉटेलात उतरलात तर हे काम हॉटेल करतं. घर, कंपनीचा फ्लॅट किंवा मित्राकडची खोली असेल तर तिथे राहायला गेल्यापासून २४ तासांत त्या भागातल्या पोलीस चौकीत, म्हणजे पाइछूस्वोमध्ये, नोंदणी करणं ही तुमची जबाबदारी. शांघायमध्ये हे ऑनलाइनही करता येतं. तरी पहिल्या वेळी मी प्रत्यक्ष जायला सांगते, कारण चौकीच्या दप्तरात तुमच्या घराचा पत्ता कसा लिहिला आहे ते तिथेच कळतं.

बरोबर न्यायचं: पासपोर्ट, भाडेकरार, घरमालकाच्या मालकीहक्काच्या कागदाची प्रत आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत. मित्राकडे राहत असाल तर मित्रालाच घेऊन जा. खिडकीवर पाच-दहा मिनिटांचं काम असतं. हातात एक छापील कागद येतो: नाव, पासपोर्ट क्रमांक, पत्ता, कधीपासून कधीपर्यंत राहणार, आणि खाली लाल शिक्का. खिडकी सोडण्यापूर्वी तो तिथेच उभं राहून वाचा. आपला पासपोर्ट क्रमांक एक अक्षर आणि सात अंकांचा असतो, तो अंक-अंक जुळवून पाहा. मग इमारत क्रमांक आणि खोली क्रमांक भाडेकराराशी ताडून पाहा. इथे चूक राहिली तर ती रेसिडन्स परमिटच्या खिडकीवर उघडी पडते, आणि तिथून परत चौकीत यावं लागतं.

उशीर झाला तर ताकीद मिळते आणि २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही झाला असेलच तर लपवू नका, लगेच जाऊन नोंदवा. घर बदललं, नवा पासपोर्ट आला, नवा व्हिसा किंवा परमिट लागला की ही नोंद पुन्हा करायची.

५. मेडिकल, वर्क परमिट, रेसिडन्स परमिट

झेड व्हिसावर राहण्याच्या दिवसांच्या जागी बरेचदा ‘०००’ छापलेलं असतं. घाबरू नका. त्याचा अर्थ, देशात आल्यापासून ३० दिवसांत रेसिडन्स परमिटसाठी अर्ज करायचा. वर्क परमिटचा अर्ज त्याआधी, आल्यापासून १५ दिवसांत. सुट्ट्याही यात मोजल्या जातात. सप्टेंबरच्या शेवटी आलात तर १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत सगळ्या कचेऱ्या बंद असतात, आणि वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आसपास तर आठवडाभर काहीच हलत नाही. कंपनीशी रुजू होण्याची तारीख ठरवताना हे बोलून घ्या.

एक वर्ष किंवा त्याहून अधिक मुदतीच्या परमिटसाठी आरोग्य तपासणी लागते. शांघायमध्ये ती चांगनिंग भागात जिनबांग रस्त्यावर, १५ क्रमांकाला असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासी आरोग्य केंद्रात होते. आधी वेळ घ्या, उपाशीपोटी जा, पासपोर्ट आणि फोटो न्या. रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी असं एकेका खोलीतून फिरत काम संपतं.

परमिटची मुख्य कचेरी पूडोंगमध्ये मिनशेंग रस्त्यावर, १५०० क्रमांकाला. मेट्रोच्या २ क्रमांकाच्या मार्गावर विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयाचं स्थानक आहे, तिथे उतरायचं. एक वर्ष ते तीन वर्षांच्या परमिटचं शुल्क ८०० युआन, त्याहून कमी मुदतीला ४००. पासपोर्ट तिथे जमा होतो आणि निकालाला १५ दिवसांपर्यंत लागू शकतात. तेवढ्या काळात हातात फक्त पावती असते. देशाबाहेर जाता येत नाही, आणि पासपोर्टाशिवाय बँकेचं कामही होत नाही. म्हणून सिम आणि घर आधी उरकून घ्या.

परमिट हातात येईपर्यंत काम सुरू करू नका, ऑफिस कितीही घाई करो. व्यापारी किंवा पर्यटक व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ, असं सांगणारे एजंट आजही आहेत. विनापरवाना काम करणाऱ्या परदेशी माणसाला ५,००० ते २०,००० युआन दंड होतो, प्रकरण गंभीर असेल तर कोठडी, आणि एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

६. घर भाड्याने घेताना

एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ ही इथली सर्वसाधारण रीत. वर दलालाची फी. म्हणजे चावी हातात येण्यापूर्वी चार महिन्यांच्या भाड्याहून जास्त पैसे लागतात. पगार सुरू व्हायच्या आधी एवढी रक्कम भारतातून कशी आणायची, हे निघतानाच ठरवा.

पैसे देण्यापूर्वी मालकाला एकच प्रश्न विचारा: पोलीस नोंदणीसाठी कागद देणार का? टाळाटाळ केली तर घर कितीही छान असो, सोडा. करारातही ते लिहून घ्या.

मजल्यांचा हिशेब वेगळा आहे, आपला तळमजला म्हणजे इथला पहिला मजला. घर दक्षिणेकडे तोंड असलेलं बघा. यांग्त्से नदीच्या उत्तरेला, ह्वाइ नदीपलीकडे, हिवाळ्यात सरकारी हीटिंग असतं. शांघाय त्या रेषेच्या दक्षिणेला आहे, इथे ते नाही. जानेवारीत पारा शून्याच्या जवळ जातो, हवा दमट असते आणि घरातली थंडी हाडांत शिरते. दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन तेव्हा जेवढं कामी येतं तेवढा एसीही येत नाही. उत्तरेकडच्या भिंतीवर, कपाटामागे बुरशी आहे का ते हात फिरवून पाहा. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत इथे सलग रिपरिप असते, त्या दिवसांत कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी धरते. गीझर आणि शेगडी चालू करून बघा. राहायला जाण्याच्या दिवशी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा, अनामत परत मागताना तो लागतो.

कचऱ्याबद्दल शांघाय कडक आहे. १ जुलै २०१९ पासून ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक असे चार भाग सक्तीचे आहेत. बहुतेक सोसायट्यांत कचरा सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळातच टाकता येतो. चुकीच्या डब्यात टाकणाऱ्याला ५० ते २०० युआन दंड होऊ शकतो. डब्यांपाशी बहुधा एखाद्या आजी किंवा आजोबा उभे असतात, पहिल्या आठवड्यात त्यांनाच पिशवी उघडून दाखवा. हीच मंडळी पुढे तुमची पार्सलं सांभाळतात, पाहुण्यांना घर दाखवतात. वयस्कर शेजाऱ्याशी बोलताना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव, ‘क दीहुआ’, घेऊन बघा. अनेकांना ते शाळेपासून माहीत असतं.

७. बँक खातं

परमिट मिळाल्यावर पासपोर्ट, नोकरीचा करार, स्वतःच्या नावावरचा फोन नंबर आणि पॅन घेऊन जा. कंपनी पगार ज्या बँकेत जमा करते तिच्याच शाखेत, शक्यतो ऑफिसजवळच्या, जा. परदेशी ग्राहकांची सवय असलेल्या शाखेत तासाभरात होणारं काम दुसऱ्या शाखेत अर्धा दिवस घेतं. खातं उघडलं की ते कार्ड अलीपे आणि वीचॅटला जोडा, आणि मग त्या ३ टक्क्यांतून सुटका. पगारातून कर कापला जातो, त्याचा वार्षिक हिशेब १ मार्च ते ३० जून या काळात कराच्या ॲपवर पूर्ण करायचा असतो.

८. खाणं, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी

‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. बीन्सच्या भाजीत डुकराच्या मांसाचा खिमा असतो, कोबी चरबीत परतलेला असतो, सूप कोंबडीच्या किंवा हाडांच्या रश्शाचं असतं, आणि हिरव्या पालेभाजीवर कालवाचा सॉस घातलेला असतो. म्हणून सहकाऱ्याकडून चिनीत एक मजकूर लिहून घ्या: मांस नको, मासे-कोळंबी नको, प्राण्यांची चरबी नको, मांसाचा रस्सा नको, कालवाचा सॉस नको. अंडं, लसूण, कांदा चालतो की नाही तेही लिहा, कारण इथले बौद्ध शाकाहारी लोक कांदा-लसूणही खात नाहीत. जैन मंडळींना त्यामुळे बौद्ध शाकाहारी खानावळींचा मोठा आधार आहे, फक्त बटाटा आणि इतर कंदांचं वेगळं सांगावं लागतं. नानजिंग पश्चिम रस्त्यावरचं गोंगदलिन १९२२ पासून चालू आहे. युफो मंदिराच्या खानावळीतही शुद्ध शाकाहारी नूडल्स मिळतात.

साध्या हॉटेलात टोमॅटो-अंडं, बटाटा-वांगं-ढोबळी मिरचीची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि भात असं मागवलं की जेवण होतं. लानझौ नूडल्सची दुकानं मुस्लिमांची असतात. तिथे डुकराचं मांस नसतं, पण रस्सा गोमांसाचा असतो, हे मुद्दाम सांगते.

घरी स्वयंपाक करणार असाल तर काळजीचं कारण नाही. मंडईत आलं, लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, वांगी, भोपळा, कारली, मुळा, भेंडी सगळं मिळतं. मूग आणि शेंगदाणे कुठल्याही किराण्यात. जिरं, हळद, मसूर, काबुली चणे ताओबाओ या ऑनलाइन खरेदीच्या ॲपवर. तुरीची डाळ भारतीय मालाच्या विक्रेत्यांकडे. आणि भाकरी खाणाऱ्यांसाठी खास: ज्वारी इथे परकी नाही. उत्तर चीनमध्ये ती पूर्वापार पिकते, तिला गाओल्यांग म्हणतात आणि त्यांची बाइज्यू दारू बहुधा तिच्यापासूनच होते. ताओबाओवर ‘गाओल्यांग म्येन’ शोधलंत की ज्वारीचं पीठ घरपोच येतं. घेताना घटकांत फक्त ज्वारी आहे ना ते पाहा, काही पाकिटांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. पीठ जुनं असेल तर विरी जाते, मग उकळत्या पाण्यात उकड काढून भाकरी थापा. ती चिरत नाही.

९. रस्ता, मेट्रो, रेल्वे

वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आपल्या अंगवळणी पडलेल्याच्या बरोबर उलटं आहे. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असला तरी उजवीकडे वळणाऱ्या गाड्या येत राहतात. आणि सगळ्यांत जास्त सांभाळायचं ते विजेवरच्या स्कूटरींपासून. त्यांचा आवाज येत नाही, आणि पदपथावरूनही त्या येतात. आपला भारतीय वाहन परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परवाना इथे चालत नाही.

नकाशासाठी गाओदे वापरा. परदेशी नकाशांत तुमचा ठिपका खऱ्या जागेपासून काहीशे मीटर सरकलेला दिसू शकतो, कारण चीनमध्ये नकाशाची निर्देशांक पद्धत वेगळी आहे. घराचा आणि ऑफिसचा पत्ता चिनी लिपीत फोनच्या गॅलरीत ठेवा. मेट्रोचं भाडं ३ युआनपासून सुरू होतं, कोड अलीपेमध्येच मिळतो. प्रत्येक स्थानकावर बॅग यंत्रातून जाते. बहुतेक मार्गांवर रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास शेवटची गाडी असते.

रेल्वेचं तिकीट १२३०६ ॲपवर पासपोर्टने काढायचं, आणि पासपोर्ट हेच तिकीट. विक्री १५ दिवस आधी उघडते. वसंतोत्सवाच्या दिवसांत गणपतीतल्या कोकण रेल्वेसारखी गत असते, तेव्हा तिकीट उघडण्याच्या मिनिटालाच तयार राहा. गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं, मग कितीही विनवलं तरी उघडत नाही.

पीपल्स स्क्वेअर, नानजिंग रस्ता, नदीकाठचा ‘बंड’ (वायतान) या भागांत हसतमुख तरुण-तरुणी इंग्रजीत गप्पा मारायला येतात आणि चहाच्या दुकानात चला म्हणतात. जाऊ नका. दोन कप चहाचं बिल हजारांत येतं.

१०. आजारी पडल्यावर

सरकारी रुग्णालयं उत्तम आहेत, फक्त पद्धत समजून घ्यावी लागते. आधी नोंदणी, तिला ग्वाहाओ म्हणतात, पासपोर्ट दाखवून आणि पैसे भरून. मग डॉक्टर, ते तपासण्या लिहून देतात. त्यांचे पैसे भरायचे, तपासण्या करायच्या, अहवाल घेऊन त्याच डॉक्टरकडे परत. मग औषधांचे पैसे, मग औषधांची खिडकी. प्रत्येक टप्प्यावर पैसे आधी. नवख्याला वाटतं आपल्याला नुसतं फिरवतायत, पण सगळ्यांचं असंच चालतं. पहिल्या वेळी चिनी येणारं कोणीतरी सोबत न्या. ह्वाशान रुग्णालयात परदेशी रुग्णांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे इंग्रजीत बोलता येतं, पण खर्च बराच जास्त. विमा कुठे चालतो ते आधी विचारा.

फोनमध्ये हे नंबर साठवा: पोलीस ११०, आग ११९, रुग्णवाहिका १२०. शहराच्या कारभारातली कुठलीही अडचण असेल तर १२३४५, तिथे इंग्रजीतही बोलता येतं. भारताचा वाणिज्य दूतावास शांघायमध्ये आहे. पोचल्यावर त्याच्या संकेतस्थळावरचा आपत्कालीन क्रमांक लिहून घ्या आणि एक प्रत घरी पाठवा.

११. परमिट मिळाल्यानंतर

सोळा वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने पासपोर्ट जवळ बाळगावा असा कायदा आहे. परमिटवरची कुठलीही माहिती, म्हणजे नोकरी, पत्ता, पासपोर्ट क्रमांक, बदलली तर १० दिवसांत कळवायची. मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज जावा लागतो, म्हणून दोन महिने आधीची आठवण फोनमध्ये लावा आणि त्या काळात भारताचं तिकीट काढू नका, पासपोर्ट परत कचेरीत जमा असणार आहे. मुदत उलटली तर दिवसाला ५०० युआन, कमाल १०,००० युआन दंड आहे. नोकरी सोडणार असाल तर जुन्या कंपनीकडून वर्क परमिट रद्द झाल्याचा कागद आणि सोडपत्र शेवटच्या दिवशीच हातात घ्या. त्याशिवाय नवी कंपनी तुमचा अर्ज पुढे पाठवू शकत नाही.